एका कामापुरता परवाना

होविता गुडघ्यांवर बसून नव्या फरशीवर निळी चिकटपट्टी लावत होती. शवपेटीचा चौथरा नेमका कुठं येणार, ते अल्सीडला डोळ्यांनी दिसावं म्हणून. पट्टीचं एक टोक दातांत, दुसरं अंगठ्याखाली. आणि अल्सीड दारात उभा, हॅट छातीशी धरून, स्वतःच्याच फ्युनरल होममध्ये पाहुण्यासारखा.

"छान आहे," तो म्हणाला. "छानच झालंय. पण तो बाहेर कसा जाणार?"

"कोण तो?"

"ज्याच्यासाठी सगळे जमलेत, तो."

होवितानं दातांतली पट्टी काढली. "या डाव्या दारानं, मिस्टर अल्सीड. तिथं उतार केलाय ना, सरळ गाडीपर्यंत. एक पायरीसुद्धा नाही."

"हां. उतार." अल्सीडनं हॅट गोल फिरवली. "पूर्वी उजवीकडून जायचा."

"उजवीकडचा बोळ अरुंद होता. आग लागली तर माणसं अडकली असती. आता नियमात बसत नाही."

"नियम म्हणजे काय, नियमच," अल्सीड म्हणाला आणि निघून गेला.

आता अल्सीड म्हणजे असा माणूस की तुमचा पाय त्याच्या पायावर पडला तर तोच सॉरी म्हणेल. आयुष्यभर रडणाऱ्या माणसांशी हळू बोलून बोलून त्याला मोठ्यानं बोलताच येत नाही. दुसरं कोणी असतं तर त्यानं तिथंच सांगितलं असतं की बाई, हे उलटं झालंय. पण त्याला वाटलं, एवढी शिकलेली डिझायनर, टेक्सासहून आलेली, तिला माहीत असणारच. तिनं काहीतरी सोय केली असणारच.

आणि होविताला खरंच माहीत नव्हतं हो. नकाशात शवपेटी म्हणजे एक चौकोन. चौकोनाला ना डोकं ना पाय.

ती आली होती वादळानंतर. आपल्याकडचं पाणी तुम्हाला आठवतंय, खाडी थेट चर्चच्या वेदीपर्यंत आली होती. सगळ्या लुइझियानातले डिझायनर पुढची कित्येक वर्षं बुक झालेले. अल्सीडच्या भाचीनं सॅन अँटोनिओमधली ही मुलगी सुचवली. पण आपल्या राज्यात बाहेरच्या डिझायनरनं सार्वजनिक इमारतीला हात लावायचा तर तात्पुरता परवाना लागतो. एका जागेपुरता, एका कामापुरता. काम संपलं, तपासनिसानं सही केली, की परवानाही संपला. शिवाय इथली परवानाधारक डिझायनर जामीन हवी, नकाशावर तिचीही सही.

ती सही मिस ओडीलची. मिस ओडील फॉन्तेनो, जिनं बँकेपासून शाळेपर्यंत या गावातली प्रत्येक भिंत कधी ना कधी रंगवून घेतलीय. आता डोळ्यांत मोतीबिंदू. होवितानं नकाशा तिच्या स्वैपाकघरातल्या टेबलावर पसरला, तेव्हा तिनं भिंग लावून फक्त दारांच्या रुंद्या बघितल्या आणि म्हणाली, "दारं मोठी आहेत. कुठं करू सही?"

होविताला हे काम हवंच होतं. अगदी जिवापाड. सॅन अँटोनिओत ती एका मिस्टर हार्लनच्या हाताखाली होती. नकाशे तिचे, रंग तिचे, रात्ररात्र जागरणं तिची, आणि उद्घाटनाला फोटोत हार्लन. एकदा तिनं विचारलं तर म्हणतो, "तुझं नाव लावायला आधी तुझं काम दाखव." तिनं राजीनामा दिला आणि बाजारात एक छोटा गाळा बघितला. बहिणीनं, इमेल्दानं, पाटीसुद्धा रंगवून ठेवली. आता फक्त एक काम तिच्या स्वतःच्या नावावर पुरं व्हायला हवं होतं. तपासनिसाची सही झालेलं. अल्सीडचं हे काम.

म्हणून तिनं त्या खोलीत जीव ओतला. भिंतींना शिंपल्याच्या आतला असतो तसा रंग दिला. चौथऱ्यावर फिकट गुलाबी दिवे, म्हणजे गेलेल्या माणसाच्या गालांवर जरा रक्त दिसतं. डाव्या दाराबाहेर लांब मार्गिका काढली आणि तिच्या एका भिंतीला सायप्रसच्या लाकडाचा बाक, भिंतीतच बसवलेला, म्हाताऱ्या माणसांना टेकायला. सगळ्यांत जास्त अभिमान तिला त्या बाकाचा. मार्गिकेच्या टोकाला बाहेरचं दार, जड, आगीला दाद न देणारं, स्प्रिंगनं आपोआप मिटणारं.

तपासनीस यायच्या आधीच युलीस वेरे वारला.

युलीस कोळंबीच्या बोटीवरचा. सकाळी जाळं ओढता ओढता बसला, तो उठलाच नाही. दुसरं फ्युनरल होम फेरीबोटीच्या पलीकडं, आणि त्याची बायको म्हणाली, माझ्या नवऱ्यानं आख्खं आयुष्य पाण्यावर काढलंय, आता त्याला परत बोटीत घालायचं नाही. अल्सीडकडं तात्पुरत्या वापराचा कागद होता. त्यानं होविताला विचारलं.

"खोली तयार आहे," होविता म्हणाली. खूश होती ती. कोणाच्या मरणानं खूश व्हायचं नसतं, म्हणून चेहरा गंभीर ठेवला, पण खूश होती.

आख्खं गाव अंत्यदर्शनाला आलं. दिवे बघून सगळे म्हणाले, निळ्या सुटात युलीस किती छान दिसतोय, जिवंत असताना इतका छान कधी दिसला नाही. युलीसचा भाऊ तर म्हणाला, "आधीच इथं आणला असता तर लग्न लवकर झालं असतं." त्याच्या वहिनीनं रडता रडता त्याला पर्सनं मारलं. होविता मागं भिंतीशी उभी राहून ऐकत होती. लोक कुठं थांबतात, कुठं वळतात, कोणाचा धक्का कोणाला लागतो. डिझायनर म्हणजे बघा, पहिल्या दिवशी खोली नाही बघत, पाय बघतात.

प्रार्थना झाली. झाकण मिटलं. सहा जणांनी पेटी उचलली आणि डाव्या दाराकडं वळले, आणि थांबले.

आता हे नीट ऐका. शवपेटीचं झाकण एकाच बाजूनं उघडतं. बनवतानाच तशी बनवतात. म्हणजे बघणाऱ्यांना तोंड दिसायचं तर डोकं कायम डाव्या हाताला, पाय उजव्या. उजवं दार होतं तेव्हा प्रत्येक माणूस आपोआप पायांकडून बाहेर गेला, अल्सीडच्या आजोबांपासून. कोणाला विचार करायची वेळच आली नाही. आता दार डावीकडं. म्हणजे डोकं पुढं. आणि डोकं पुढं करून गेलेल्या माणसाचे पाय आतल्या बाजूला आणि नजर कुठं? मागं. घराकडं. आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, जाताना ज्याच्यावर त्याची नजर पडते, त्याला तो सोबतीला न्यायला येतो.

"फिरवा," अल्सीड म्हणाला. त्याच्या गळ्यातून कधी नव्हे तो आवाज निघाला.

खोलीत खुर्च्या गच्च. ते मार्गिकेत घेऊन फिरवायला गेले. पेटीचं टोक बाकाला लागलं. दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. पुन्हा बाक. एकाचा हात घसरला, पेटी कलली, आतून काहीतरी हळूच सरकल्याचा आवाज आला, आणि युलीसची बायको किंचाळली.

"तशीच न्या," भाऊ म्हणाला. "तशीच न्या आता."

मग अल्सीड म्हणाला, "भिंतीकडं."

आणि सगळ्यांनी, म्हणजे सगळ्यांनी, पाद्र्यापासून बेकरीवालीपर्यंत, भिंतीकडं तोंडं फिरवली. उचलणाऱ्यांनी हनुवट्या छातीला लावल्या. मिस ओडीलला काही दिसत नसूनही तिनं डोळ्यांवर हात ठेवला.

होविता तिथं नव्हती. पेटी अडलेली बघून ती मागच्या बाजूनं धावत बाहेर गेली होती, कारण तिला माहीत होतं की ते स्प्रिंगचं दार त्या बिचाऱ्यांच्या पाठीवर मिटणार. तिनं बाहेरून दार ओढलं, पाठ लावून उघडं धरलं आणि आत बघत उभी राहिली. मार्गिकेतून पेटी तिच्याकडं येत होती आणि दोन्ही बाजूंना माणसं भिंतीला नाक लावून. तिला वाटलं, किती दुःख आहे या लोकांना, बघवतसुद्धा नाही. पेटी तिच्या अंगाला घासून गेली.

"सावकाश," ती म्हणाली. "उतार आहे."

उचलणाऱ्यांतल्या पुढच्यानं मान वर केली, मागं वळून तिला बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला, की तिला वाटलं, त्याच्या बोटावर पेटी आली.

दुसऱ्या दिवसापासून गाव तिच्याशी गोड वागायला लागलं.

म्हणजे आधी वाईट वागत होतं असं नाही. पण टेक्सासवाली म्हणून जरा टोमणे चालायचे. ती बेकरीत गेली की बेकरीवाली तेलमा मुद्दाम विचारायची, "आमच्याकडं तिखट खातेस का गं, का तुमच्याकडं फक्त बीन्स?" त्या दिवशी तेलमानं अंजिराच्या केकचा मधला तुकडा कापला, तो ती स्वतःच्या मुलालाही देत नाही. वर म्हणाली, "तुला फुलं कुठली आवडतात, होविता?"

"फुलं? झेंडू. का?"

"नाही, सहज. झेंडू. मिळतील की."

पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्यानं न सांगता चारी चाकांत हवा भरली. काच पुसताना म्हणाला, "घरी कोणकोण असतं?"

"बहीण."

"तिचा नंबर देऊन ठेव इथं कोणाकडं तरी. असावा आपला."

पाद्री रस्त्यात भेटला. तिचे दोन्ही हात हातांत घेतले. "कॅथलिक ना तू?"

"हो, फादर."

"बरं झालं," तो म्हणाला. "फार बरं झालं." आणि डोळे पुसत गेला.

होविता थेट मिस ओडीलकडं गेली. मिस ओडील गम्बोचा रस्सा ढवळत होती. वासावरून ढवळते ती आता.

"मिस ओडील, मला काही झालंय का? म्हणजे माझ्याबद्दल काही रिपोर्ट आलाय आणि मलाच माहीत नाही, असं काही?"

"बस. भात घे."

"सगळे माझ्याकडं असं बघतात ना—"

"भात घे आधी, पोरी."

आणि मग मिस ओडीलनं सांगितलं. सगळं. डोकं, पाय, दार, नजर. सांगताना तिचा हात थांबला नाही, गोल गोल ढवळत राहिला.

होविता हसली. मोठ्यानं हसली. "एवढंच? अहो, आमच्या आजीकडं असल्या गोष्टी पोत्यानं होत्या."

"तिच्या गोष्टींतली माणसं हसायची का?"

होविताचं हसू जरा उरलं होतं, ते तिनं भाताच्या घासाबरोबर गिळलं.

"चूक माझी आहे," मिस ओडील म्हणाली. "मी जामीन होते. दारांच्या रुंद्या बघितल्या, दार कुठं आहे ते नाही बघितलं. मला वाटलं, हे कोणाला सांगावं लागतं का."

"उद्या तपासनीस येतोय," होविता म्हणाली. "त्यानं सही केली की मी घरी. तिकडं कोण येतंय मला शोधायला."

मिस ओडीलनं ढवळणं थांबवलं. "सही झाली की तू घरी," ती म्हणाली. तेच शब्द, पण सावकाश, जसा एखादा मासा काटा असेल म्हणून जिभेवर फिरवावा.

तपासनीस राजधानीचा, बॅटन रूजचा, मिस्टर प्रुइट नावाचा, घामट, हसरा माणूस. त्याला ना युलीस माहीत ना गाव. तो आला भर दुपारी. अल्सीड होता, मिस ओडील काठी टेकत आली होती. प्रुइटनं खोली बघितली, दिवे लावून बघितले, दारं मोजली, चौथऱ्यावर बोटांनी टकटक केलं. मार्गिकेत जाऊन बराच वेळ होता, तिथून त्याचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. परत आला तो खुशीत.

"बाई, काम सुंदर आहे. वादळानंतर इतक्या खोल्या बघतोय, पण ही पहिली, जिथं बसावंसं वाटलं. बाकही झकास. तुमचे पाहुणे बसलेत त्यावर, त्यांनाही आवडलाय."

"कोण पाहुणे?" होविता म्हणाली.

"ते आजोबा. निळ्या सुटातले." त्यानं कागद पॅडवर लावले. "मी म्हटलं, आत या की, इथं दिव्यात छान वाटतंय. नको म्हणाले. म्हणाले, बाईंचं काम चाललंय, ते संपू दे, मग त्यांना घेऊनच जाईन. मला घाई नाही. जुनी माणसं बघा, किती रीत पाळतात. मात्र त्यांना बूट घाला म्हणावं, नव्या फरशीवर नुसत्या मोज्यांनी घसरतील."

अल्सीडनं खुर्चीची पाठ धरली.

"बूट नाही घालत आपण," तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "अर्धंच झाकण उघडतो. पाय कोण बघतं."

खोलीत त्या गुलाबी दिव्यांत सगळ्यांचेच गाल छान दिसत होते. होविताचेही. फक्त ओठ कोरडे झाले होते, ते तिनं जिभेनं ओले केले. मार्गिकेचं दार अर्धं उघडं होतं. तिथून बाकाचं फक्त टोक दिसत होतं. ती तिकडं बघत नव्हती, पण तिचा डावा खांदा हळूहळू वर गेला, जसा थंडीत जातो.

प्रुइटनं पेनाचं टोपण काढलं. "मग? झालं ना सगळं? करू सही?"

ही सही. हार्लनच्या तोंडावर मारायची सही. गाळा, पाटी, तिचं नाव, सगळं त्या पेनाच्या टोकाला. मिस ओडील तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं होविताचं मनगट धरलं, नाडी बघतात तसं.

"नाही," होविता म्हणाली.

"काय नाही?"

"झालं नाही अजून."

प्रुइट हसला. "अहो, मला तर काही राहिलेलं दिसत नाही."

"तो बाक. तो काढायचाय. मार्गिकेत पेटी वळत नाही."

"बाक? इतका सुंदर बाक?"

"माझीच चूक आहे ती. आणि बाक काढला की मागची भिंत उघडी पडेल, ती करायचीय. मग फरशी जुळवायची. मग..." ती खोलीभर बघत सुटली, प्रत्येक कोपऱ्यात, जसं काही हरवलंय. "मग रंग. रंग मला पटलाच नाहीये."

"बरं बरं." प्रुइटनं टोपण लावलं. "मिस्टर अल्सीड, तुमचा धंदा अडेल ना पण?"

"तात्पुरत्या कागदावर चालतंय की," अल्सीड म्हणाला. आणि मग, आवाज चढवून, दाराकडं तोंड करून, "काम संपायला वेळ आहे अजून. बराच वेळ आहे."

"बाई, तुमचा परवाना या कामापुरता आहे," प्रुइट जाता जाता म्हणाला. "आज ना उद्या हे संपवावं लागेलच."

"मग शाळेचं करेल," मिस ओडील म्हणाली. "शाळेचं छत गेलंय. त्याचा परवाना वेगळा. मग लायब्ररी. मग बँक. पाण्यानं काय सोडलंय इथं? जामीन मी आहे."

"तुम्ही किती दिवस जामीन राहणार, मॅडम?" प्रुइट गमतीनं म्हणाला.

"माझे डोळे गेलेत. हात धड आहेत."

बाक त्याच आठवड्यात निघाला. उजवीकडचा बोळ रुंद करून तिकडं पुन्हा दार आलं, आणि आता प्रत्येक जण पायांकडून जातो, नीट, कोणाकडंही न बघता. युलीसच्या बायकोनं येऊन होविताला मिठी मारली आणि सॉरी म्हणाली, जसं काही नवऱ्यानं उधारी ठेवलीय.

होविता इथंच आहे. शाळा जवळपास झाली, तर आधीच लायब्ररीचा परवाना आला. एकही दिवस असा नाही की हातात काम नाही. आणि अल्सीडच्या त्या खोलीत एका भिंतीला अजून रंग नाही, तिथं लोकांनी फुलं टेकवून ठेवायची पद्धत पाडलीय. इमेल्दा दर रविवारी फोन करते, गाळा दुसऱ्याला दिला म्हणून रडते, आणि विचारते की असं काय आहे त्या चिखलात. होविता म्हणते, काम आहे गं.

बाहेरचे लोक येतात, वादळाचे फोटो काढणारे, विमेवाले. लायब्ररीत तिला शिडीवर बघतात, कौतुकानं विचारतात, काय बाई, झालं का पुरं?

आणि ती बोलायच्या आधी आपणच ओरडतो. तेलमा काउंटरवरून, पंपावरचा म्हातारा रस्त्यापलीकडून, शाळेतली पोरं खिडक्यांतून. सगळे एकदम. बाहेर जो कोणी बसला असेल त्याला स्वच्छ ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं.

"अजून नाही!"